साल्हेर : खिंडीतून परत आलो होतो, आता पुन्हा जायचंय

मालव्याची_लेक (इंदूर), १० ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

२०२३ च्या फेब्रुवारीअखेर आम्ही दोघं नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर किल्ल्यावर गेलो होतो. मी तेव्हा पन्नाशीची, आमचे हे ५६ चे. इंदूरहून गाडीने मानपूर, सेंधवा, शिरपूर, धुळे, साक्री, पिंपळनेर करत रात्री ताहाराबादला मुक्काम केला. सकाळी चहापोहे होईस्तोवर उशीर झाला आणि वाघांबे गावातून चढायला लागलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. दोघांत मिळून तीन लिटर पाणी. साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्या मधल्या खिंडीत पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. तिथे ह्यांच्या पोटरीत गोळा आला. पँटवरून हात लावला तर पोटरी दगडासारखी. मग म्हणाले, "थंडी वाजतेय गं." फेब्रुवारीतल्या भर दुपारी, उन्हात बसलेल्या माणसाच्या हातावर काटा उभा राहिलेला मी बघितला. बाटलीत दोन बोटं पाणी होतं. वर कड्यात कोरलेला रस्ता दिसत होता. मी म्हटलं, चला, उतरूया.

उतरलो. खाली एका घरातल्या बाईंनी मीठ-साखरेचं पाणी दिलं, तासाभराने हे सावरले. पण त्या दिवसापासून आमच्या घरात साल्हेरचं नाव निघत नाही. फोटो निघाले तर हे उठून दुसऱ्या खोलीत जातात. माझ्यामुळे तुझं राहिलं, असं एकदाच बोलले.

मला पुन्हा जायचंय. प्रश्न तीन आहेत. वाघांब्यातून जावं की साल्हेरवाडीतून? इंदूरसारख्या सपाट गावात सराव कसा करावा? आणि खरा प्रश्न हा : हे म्हणतात, "तू एखाद्या ग्रुपबरोबर जाऊन ये, मी नाही येत." तर मी एकटीने जावं का? तुमच्यापैकी कोणी असं परत फिरून पुन्हा त्याच डोंगरावर गेलंय का? तेव्हा काय बदललंत?

राजवाडाकर (इंदूर)

ताई, दादांना घेऊनच जा. बाकीचं सगळं होतं. सरावाला राळामंडळची टेकडी आहेच, सकाळी लवकर जायचं आणि दोनदा चढून उतरायचं. मी दर रविवारी असतो, या दोघं.

डोंगरयात्री (पुणे)

मी साल्हेर चार वेळा केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची हकिगत वाचून मला तरी कुठेही पाय कमी पडलेले दिसत नाहीत. कमी पडलं ते पाणी, आणि घड्याळ चुकलं. साल्हेर १५६७ मीटर आहे, महाराष्ट्रात कळसूबाईच्या १६४६ मीटरनंतर दुसरा नंबर, आणि किल्ल्यांमध्ये सगळ्यात उंच. साडेनऊला सुरुवात म्हणजे चढणीचा सगळ्यात खडा भाग बरोबर माथ्यावरच्या उन्हात येतो. त्या वाटेवर खिंडीपर्यंत सावली जवळजवळ नाही. दीड लिटर पाणी एका माणसाला तिथे खिंडीपर्यंतच पुरतं. तुम्हाला बरोब्बर तेवढंच पुरलं.

अंगावर काटा येणं, थंडी वाजणं आणि पोटरीत गोळा, ही उन्हाचा त्रास सुरू झाल्याची खूण. त्यानंतर वर गेला असतात तर पुढची पायरी चक्कर आणि असंबद्ध बडबड. तिथे फिरलात हे शंभर टक्के बरोबर केलंत.

पुढच्या वेळी माणशी चार लिटर पाणी, त्यातल्या एका लिटरमध्ये मीठ-साखर किंवा ओआरएस. पहाटे सहाच्या आत गाव सोडायचं. आणि घरूनच वेळ ठरवून निघायचं, की बारापर्यंत माथा नाही आला तर जिथे असू तिथून परत. ही वेळ खाली शांत डोक्याने ठरवायची, वर गेल्यावर डोकं वेगळं चालतं.

वाटेचं म्हणाल तर वाघांब्यातून चढा आणि साल्हेरवाडीत उतरा. गाडी दुसऱ्या बाजूला नेणारा माणूस मात्र हवा.

बागलाणकर (सटाणा)

वरचं बरंचसं पटलं, शेवटचं नाही. ज्यांची पहिली खेप अर्धी राहिली त्यांनी ओळखीच्या वाटेनेच चढावं आणि त्याच वाटेने उतरावं. कुठला दगड हलतो, कुठे घसरडं आहे, हे चढताना बघितलेलं असतं. दमलेल्या पायांनी अनोळखी वाट उतरणं ही हौस तरण्या पोरांनी करावी.

ताई, फेब्रुवारीच्या शेवटी आमच्याकडे गवत वाळून पार काड्या झालेल्या असतात. उतारावर त्या गवतावर पाय पडला की बॉल-बेअरिंगवर पडल्यासारखा सरकतो. नोव्हेंबर-डिसेंबरात या. थंडी असते पण दिवस मोकळा मिळतो. आणि वाघांब्यातलाच कोणीतरी बरोबर घ्या. वाट चुकेल म्हणून सांगत नाही, कड्यांना आग्यामोहोळं असतात, ती यंदा कुठे बसलीत हे गावातल्यालाच माहीत असतं. अत्तर, बॉडी स्प्रे काही लावून येऊ नका, वर धूर करू नका.

स्पष्टवक्ता (मुंबई)

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. त्याच डोंगरावर परत जायचा हट्ट कशासाठी? तुमच्या मध्य प्रदेशातच पचमढीला धूपगड आहे, १३५० मीटर, जवळजवळ वरपर्यंत गाडी जाते. चौरागड आहे, पायऱ्या आहेत. तिथे दोघं आनंदाने जाऊन या. ईर्षेने चढणारा माणूस घड्याळ बघत नाही, आणि मी अशा ईर्षेपायी एक मित्र गमावता गमावता वाचलोय. २०११ ची गोष्ट. आदल्या वर्षी धुक्यामुळे राहिलेला कडा या वर्षी करायचाच म्हणून निघालो. धुकं तसंच होतं. तरी गेलो, कारण "दुसऱ्यांदा परत कसं जायचं?" मित्र पाच-सहा फूट घसरला आणि कारवीच्या जाळीत अडकला म्हणून आज आहे. पहिल्यांदा परत फिरणं सोपं असतं. दुसऱ्यांदा फिरणं फार अवघड.

मालव्याची_लेक

स्पष्टवक्तादादा, राग कसला. तुमचं शेवटचं वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं. हे काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून पुसत बसले.

धूपगड आम्ही केलाय. छान आहे. पण माझ्या मनात ती खिंड आहे. तिथे ह्यांचा हात धरून बसले होते ते मला आठवतं, आणि ते आठवण्यात दुःख नाही. दुःख ह्याचं आहे की ह्यांना तीच जागा लाजेची वाटते. ती जागा तशी राहू नये एवढंच मला वाटतंय.

इतिहासप्रेमी (नाशिक)

त्या जागेचा इतिहासच मोठा आहे. १६७२ च्या सुरुवातीला साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. गनिमी काव्याने नव्हे, समोरासमोर. प्रतापराव गुजर एका बाजूने, मोरोपंत पिंगळे दुसऱ्या बाजूने, समोर इखलासखान आणि बहलोलखान. सूर्यराव काकडे याच लढाईत पडले. यंदा जुलैत युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे. रायगड, राजगड, शिवनेरीच्या पंक्तीत बसलाय, तेव्हा आता गर्दी वाढेल. लवकर जाऊन या.

बडोद्याची_मीरा (बडोदे)

ताई, माझा अनुभव गिरनारचा आहे. साल्हेरइतका राकट नाही, पायऱ्या बांधलेल्या आहेत, पण पायऱ्या दहा हजारांच्या आसपास. आमच्या घरी दत्तजयंती मोठी, बाबांना आयुष्यात एकदा दत्तपादुकांपर्यंत जायचं होतं. २०१८ ला गेलो, अंबाजीच्या देवळापर्यंत पोचलो, अर्धी वाट झाली आणि बाबांचे गुडघे संपले. डोलीवाल्याने विचारलं तर बाबा म्हणाले, "दत्ताकडे दुसऱ्याच्या खांद्यावरून नाही जायचं." खाली आलो. जुनागढच्या धर्मशाळेत बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले, रात्रभर जागे होते हे मला कळत होतं.

२०२० च्या ऑक्टोबरात तिथे रोपवे सुरू झाला, अंबाजीपर्यंत. दुसऱ्या वर्षी मी बाबांना म्हटलं, चला. रोपवेने अंबाजीपर्यंत गेलो आणि पुढचं सगळं, गोरखनाथाचं शिखर, मग खाली उतरून पुन्हा दत्तात्रेयाची चढण, बाबा स्वतःच्या पायांनी चालले. काठीवर, दर पन्नास पायऱ्यांना थांबत. पादुकांवर डोकं ठेवलं तेव्हा उठायला त्यांना माझा हात लागला. तेवढाच.

डोंगरयात्री

मीराताई, बाबांबद्दल आदर आहेच, पण प्रामाणिकपणे विचारतो, रोपवेने गेल्यावर ती चढाई धरायची का?

बडोद्याची_मीरा

दादा, पहिले पाच हजार बाबा २०१८ ला चढले होते. उरलेले नंतर चढले. मधे तीन वर्षांची विश्रांती घेतली असं समजा.

डोंगरयात्री

हे मान्य. मनापासून मान्य. माझा प्रश्न मागे घेतो.

राजवाडाकर

तीन वर्षांची विश्रांती! मीराताई, हे मी आता सगळीकडे सांगणार.

निवृत्त_गुरुजी (ग्वाल्हेर)

धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी शाळेत भूगोल शिकवायचो, एव्हरेस्टचा पाठ आला की मुलांना नेहमी परत फिरलेल्यांची नावं सांगायचो.

भारताची पहिली एव्हरेस्ट मोहीम १९६० ची, ब्रिगेडियर ग्यानसिंग यांची. सोनम ग्यात्सो, नवांग गोंबू आणि नरेंद्रकुमार शिखराच्या अलीकडून वाऱ्यामुळे परतले. १९६२ ला पुन्हा मोहीम, मेजर जॉन डायस नेते. त्यात मोहनसिंग कोहली, सोनम ग्यात्सो आणि हरी डांग शिखराच्या अगदी जवळून परतले. १९६५ ला कोहली स्वतः नेते झाले आणि नऊ जण माथ्यावर पोचले. त्या नऊ जणांत गोंबू होते आणि सोनम ग्यात्सोही होते. ग्यात्सो तिसऱ्या खेपेला पोचले. तिन्ही वेळा डोंगर तोच, आणि बरीचशी माणसंही तीच.

आणि तेनसिंग. १९५२ ला स्विस मोहिमेत रेमंड लँबेर यांच्याबरोबर ते सुमारे ८६०० मीटरपर्यंत जाऊन परत आले. लँबेरनी त्यांना आपला लाल रुमाल दिला. २९ मे १९५३ ला हिलरींबरोबर माथ्यावर उभे राहिले तेव्हा तेनसिंगच्या गळ्यात तोच रुमाल होता. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझा आवाज बदलायचा.

लेकी, तू विचारलंस एकटी जाऊ का. जा म्हणालो तरी तू जाशील असं तुझ्या लिहिण्यावरून वाटत नाही.

डॉक्टरकाकू (इंदूर)

एक कामाचं विचारते. तुमच्या ह्यांना रक्तदाबाची गोळी आहे का? काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी आणि क्षार जास्त जातात. त्यात ऊन, घाम आणि कमी पाणी, म्हणजे गोळा यायला निमित्तच पुरतं. गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. पण जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटून "आम्ही सहा-सात तास डोंगर चढणार आहोत" असं स्पष्ट सांगा. आणि ५८ वर्षांच्या माणसाने एकदा हृदयाची तपासणी करून घ्यावी, हे वेगळं सांगायला नको.

मालव्याची_लेक

काकू, आहे! गेली सात वर्षं आहे. हे मला एकदाही सुचलं नाही. उद्याच वेळ घेते.

खवय्या_छावणी (इंदूर)

मंडळी, पोह्यांबद्दल कोणीच बोललं नाही. ताई, त्या दिवशी पोह्यांवर जिरावण मसाला आणि शेव होती का?

मालव्याची_लेक

होती. घरून डबा भरून नेली होती. आणि वर वाटेत खायला पण शेवच.

खवय्या_छावणी

मग अर्धं पाणी शेवेनेच प्यायलं. इंदूरचा माणूस असून सांगतो, डोंगरावर शेव नेऊ नका. दशम्या न्या, दुधात भिजवलेल्या, गुळाच्या, दोन दिवस मऊ राहतात आणि घसा कोरडा पडत नाही. सोबत गुळपापडी आणि दोन संत्री. शेव परत आल्यावर, ती पण माझ्याकडून.

राजवाडाकर

एक गंमत लक्षात आली का कोणाच्या? आपल्या महूजवळचं जानापाव म्हणजे परशुरामाचं जन्मस्थान मानतात, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. आणि साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाचं मंदिर, तिथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला म्हणतात. वर रेणुकामातेचंही मंदिर आहे. म्हणजे ताई, सरावाची टेकडी आणि मोठा डोंगर एकाच घरातले आहेत. राळामंडळनंतर जानापाव करा, मग साल्हेर.

स्पष्टवक्ता

पुराणातला भूगोल बाजूला ठेवू, पण सरावाची कल्पना चांगली आहे. पाठीवर पाच-सहा किलो वजन घेऊन करा. आणि उतरायचा सराव विसरू नका. लोक चढायचा सराव करतात आणि गुडघे उतरताना जातात. बुटाची पुढची जागा बघा, पायाची नखं कापून जा, नाहीतर उतारावर अंगठा काळा पडतो.

(माझं मत थोडं बदललंय हे कबूल करतो.)

शांत_वाचक (इंदूर), २ ऑक्टोबर २०२५

मी या धाग्यातला "आमचे हे".

बायकोने धागा काढल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. रात्री बसून सगळा वाचला. मला लिहायची सवय नाही, पण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत तर एक सांगायला हवं.

त्या दिवशी मी सकाळी एक बाटली गाडीतच ठेवून आलो होतो. ओझं नको म्हणून. ती हिला माहीत नव्हती. खिंडीत बसलो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ती बाटली होती. हिचं स्वप्न मी एका लिटरसाठी मोडलं, हे मला अडीच वर्षं बोलता आलं नाही. आज सकाळी हिला सांगितलं. ही म्हणाली, "एवढंच?" आणि चहा ठेवायला गेली.

राजवाडाकरांबरोबर पाच रविवार राळामंडळ झालंय. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, तपासण्या ठीक आल्या. मी जातोय. बारा वाजताची अट मान्य आहे. दुसऱ्यांदा फिरायची वेळ आली तर फिरायचं, हेही दोघांनी ठरवलंय.

निवृत्त_गुरुजी

शाब्बास.

बागलाणकर

दादा, डिसेंबरात या. वाघांब्यात राहायची सोय करून देतो. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि चुलीशेजारी झोपायला जागा. आदल्या संध्याकाळी पोचा म्हणजे पहाटे निघता येईल.

मालव्याची_लेक, १७ डिसेंबर २०२५

झालं! सविस्तर लिहिते.

शनिवारी संध्याकाळी वाघांब्यात पोचलो. बागलाणकरदादा स्वतः सटाण्याहून आले होते. रविवारी, १४ तारखेला, पहाटे पावणेसहाला टॉर्च लावून निघालो. गावातला एक तरुण पुढे, मी मधे, हे मागे. माणशी चार लिटर पाणी. ह्यांनी निघताना गाडीचं दार उघडून आत दोनदा बघितलं, काही राहिलं नाही ना म्हणून.

पहिला तास नुसत्या अंधारात दगड आणि श्वास. उजाडलं तेव्हा सालोट्याच्या माथ्यावर ऊन आलं होतं आणि आम्ही अजून सावलीत होतो. हाच फरक. तीच वाट, पण गेल्या खेपेला जिथे घामाने डोळे चुरचुरत होते तिथे मी शाल गुंडाळून चालत होते. खिंडीत आठ वाजता पोचलो. तो दगड तिथेच होता. हे त्याच्यावर बसले, एक दशमी खाल्ली, मीठ-साखरेचं पाणी प्यायले, आणि उठले. मी काही बोलले नाही.

खिंडीच्या वरचा भाग मला कायम खालून दिसायचा तसा नाहीये. कड्याला चिकटून कोरीव पायऱ्या, काही घोट्याएवढ्या, काही मांडीएवढ्या. बसून, हात टेकून चढावं लागतं. दरवाजातून आत शिरलं की दगड एकदम गार लागतो. मग कड्याच्या पोटातून आडवी वाट, एका अंगाला गुहा, दुसऱ्या अंगाला सरळ दरी. तिथे मला भीती वाटली, खरंच वाटली. ह्यांनी मागून सांगितलं, "दरीकडे नको बघू, माझ्या बोलण्याकडे लक्ष दे," आणि दुकानातल्या उधारीच्या याद्या सांगत बसले, एकेक नाव. ती वाट मी उधारी ऐकत पार केली.

पठारावर गंगासागर तलाव, रेणुकामातेचं मंदिर. तिथून परशुराम मंदिराची शेवटची चढण छातीवर येणारी. ह्यांच्या पोटरीत पुन्हा थोडी ओढ आली. थांबलो, पाय ताणला, दहा मिनिटं बसलो. घड्याळ बघितलं, साडेदहा. वेळ होता. अकरा दहाला माथा.

परशुरामाच्या पादुकांना हात लावला. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मांगी-तुंगीचे दोन सुळके, मुल्हेर-मोरा-हरगड हे किल्ले, आणि खाली ती खिंड, एवढीशी. ह्यांनी मला हाताने दाखवली.

उतरताना बागलाणकरदादांचं ऐकलं, त्याच वाटेने आलो. साल्हेरवाडी राहिली. दुपारी साडेतीनला गावात.

स्पष्टवक्ता

अभिनंदन दोघांचं. दहा मिनिटं बसलात आणि घड्याळ बघितलंत हे वाचून सगळ्यात बरं वाटलं.

डॉक्टरकाकू

पोटरीची ओढ आता कशी आहे? चार दिवस जिने जपून.

शांत_वाचक

उत्तम आहे काकू. उतरताना खिंडीत थांबलो तेव्हा समोरच्या सालोट्याच्या पायऱ्या बघत बसलो होतो. बागलाणकर, त्या पायऱ्या किती वेळाच्या आहेत?

बागलाणकर

खिंडीतून तासभर धरा. पण साल्हेरपेक्षा खड्या आहेत. जानेवारीत भाकरी अजून गरम मिळेल.

खवय्या_छावणी

पाणी पुरलं का ते सांगा आधी.

मालव्याची_लेक

पुरलं. वाघांब्यात पोचलो तेव्हा ह्यांच्या पिशवीत पाऊण लिटर उरलं होतं. मी म्हटलं, अंगणातल्या तुळशीला घाला. हे म्हणाले, राहू दे, इंदूरपर्यंत नेऊया. अजून स्वयंपाकघरात खिडकीत ठेवलीय ती बाटली.